तांब्याची पट्टी

माझी नणंद माझ्याशी बोलत नव्हती, मी तिच्याशी बोलत नव्हते, आणि आम्हा दोघींचं त्यात काही बिघडत नव्हतं. शेड एकच. सकाळी शटर वर गेल्यापासून संध्याकाळी खाली येईपर्यंत आम्ही एकाच छपराखाली राबायचो. ती इंजिनं उघडायची, मी वायरिंग करायचे. मधे माझा नवरा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, ज्याला ती अजूनही बाळ्या म्हणते. तो पत्रे ठोकायचा, रंग मारायचा आणि उरलेला वेळ निरोप पोचवायचा.

‘वन्संना सांग, बॅटरी सोडायच्या आधी मला विचारत जा.’ ‘त्या बाईला सांग, माझ्या पान्यांना तिची सोल्डरिंगची राळ लागलेली मला चालणार नाही.’ बाळ्या फडक्याला हात पुसत इकडून तिकडे जायचा, तिकडून इकडे यायचा. शेडच्या फरशीत मधोमध एक सांधा होता, तेलानं काळा झालेला. त्याच्या खिडकीकडची बाजू माझी, नळाकडची तिची. कुणी आखून दिलं नव्हतं, पण मांजरसुद्धा तो सांधा विचार करून ओलांडायचं.

भांडणाचं कारण विचाराल तर एक कंडेन्सर. अंगठ्याएवढी वस्तू, डिस्ट्रिब्युटरमध्ये बसते. मी नवी नवरी म्हणून शेडमध्ये आले तेव्हा वन्संनी एका टॅक्सीचं अख्खं इंजिन उघडून बाकावर मांडलं होतं, कारण गाडी धक्के खात होती. मी माहेरी वडिलांच्या हाताखाली डायनामोत आणि विजेच्या मोटारींत तांब्याची तार भरायला शिकलेली. मी डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडली, पॉइंट पाहिले आणि गिऱ्हाइकासमोर म्हटलं, इंजिनाला काही झालेलं नाही, कंडेन्सर गेलाय. बदलला. गाडी सुरळीत चालली. वन्संनी उघडलेलं इंजिन मुकाट्यानं परत जोडलं आणि त्या दिवसापासून माझं तोंड पाहणं सोडलं. माझं म्हणणं खरं होतं. पण ते गिऱ्हाइकासमोर बोलायची गरज नव्हती हेही खरं होतं, आणि मला ते तेव्हाही माहीत होतं. मला त्यांचा चेहरा पडलेला पाहायचा होता.

एवढ्या वर्षांत त्यांच्याकडून माझ्यासाठी एकच चांगला शब्द आला. मी एका जुन्या ट्रकचं सगळं वायरिंग नव्यानं ओढलं होतं. संध्याकाळी बाळ्या जवळ येऊन हळूच म्हणाला, ताई म्हणत होती, हिच्यासारखे जोड मी कुणाचे पाहिले नाहीत. मी खांदे उडवले. पण ते वाक्य मी जपून ठेवलं. वन्सं फारच डोक्यात जायला लागल्या की मी ते आठवायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. कितीदा तरी मी पिशवी भरून माहेरी निघून गेले असते. त्या एका वाक्यानं मला थांबवलं.

आमचे सासरे, बाबा, शेडचे मालक. जन्मभर इंजिनांच्या आवाजात राहून ठार बहिरे झालेले. तरी इंजिन कसं चाललंय हे त्यांच्याइतकं कुणाला कळायचं नाही. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालत्या इंजिनावर टेकवायचे, लाकडी मूठ दातांत धरायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. कुठल्या व्हॉल्व्हला किती मोकळीक हवी ते दातांना कळायचं. बाकी त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं किंवा हातवारे करायचे, म्हणून कुणी फारसं बोलत नसे. आमचा अबोला त्यांना दिसत होता. ऐकू येत नसल्यामुळे तो त्यांना आमच्याइतका बोचत नसावा.

त्यात आली दंतवैद्याची गाडी. लांब नाकाची, मोठ्या गोल दिव्यांची, पायऱ्या असलेली. त्याची आई ती स्वतः चालवायची म्हणे. आई गेली, गाडी वर्षानुवर्षं पत्र्याखाली पडून राहिली आणि उंदरांनी वायरींचं कापड खाऊन संपवलं. दंतवैद्य म्हणाला, मला ती चालती हवी आहे, कितीही वेळ घ्या. अशी गाडी आमच्या शेडमध्ये आजवर आली नव्हती. वन्संनी इंजिन खाली उतरवून सगळं केलं, पिस्टनच्या रिंगा, बेअरिंगं, व्हॉल्व्ह घासणं. इंजिन ज्यांच्यावर बसतं ती रबरं दगड झाली होती, तीही नवी घातली. मी मूळ पद्धतीनं कापडी वेष्टणाच्या वायरी ओढल्या, डायनामो भरला, दिवे लावले. बाळ्यानं तिला गडद हिरवा रंग दिला. इंजिन परत जागेवर बसलं त्या दिवशी मी सकाळपासून कावलेली होते, कारण माझी पक्कड वन्संच्या रॉकेलच्या परातीत सापडली होती आणि मी त्यावर बरंच तोंड सोडलं होतं. दुपारी बाळ्या माझ्याकडे आला.

“इंजिन तयार आहे,” तो म्हणाला. “ताई म्हणाली, जरा जपून कर.”

जपून कर. मला हसू आलं, इतकं ते त्यांना न शोभणारं होतं. मी आत बसले, चोक ओढला आणि सेल्फ मारला. इंजिन जड फिरलं, अर्धवट, कण्हल्यासारखं. मी पुन्हा मारला. तेव्हा डॅशबोर्डवरच्या चोकच्या दांड्यानं माझी बोटं भाजली, आणि बॉनेटखालून पिवळी ज्योत वर आली.

पुढचं फार भराभर झालं. कार्ब्युरेटर पेटला होता. बाळ्या वाळूची बादली घेऊन धावला. पण पेट्रोलचा कॉक उघडा होता आणि तो बंद झाल्याशिवाय वाळूचा उपयोग नव्हता. वन्संनी उघडा हात त्या आगीत घातला आणि कॉक फिरवला. त्यांनी तो फिरवला नसता तर शेड उरली नसती, आणि आत बसलेली मीही उरले नसते. त्यांचा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. नवा हिरवा रंग फोड येऊन सुटला, माझ्या वायरी काळ्या झाल्या. वन्सं नळाखाली हात धरून उभ्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. आग म्हणजे वायर, हे रस्त्यावरचा माणूससुद्धा सांगेल.

दंतवैद्याला कळवलं. तो भला माणूस, म्हणाला, पुन्हा उभी करा, पण असं पुन्हा होणार नाही ते मला दाखवा. तो गेल्यावर बाबांनी आम्हा तिघांना गाडीसमोर उभं केलं. बहिरी माणसं बोलतात तसे ते मोठ्यानं बोलले, बाहेर रस्त्यावर ऐकू जावं इतकं.

“ही आग कुणामुळे लागली ते शोधा. गाडी उघडा, ती सांगेल. ज्याची चूक असेल त्यानं त्यानंतर या शेडमध्ये पाय ठेवायचा नाही. मग तो कुणीही असो. मला इथं कुणी जळून मेलेलं नकोय.”

ते माझ्याकडे बघत नव्हते. पण मला वाटलं, माझ्याकडेच बघताहेत. माझं बाक, माझी सोल्डरिंगची इस्तरी, माझा मीटर, खिडकीतला उजेड. हे गेलं तर मी घरात बसून काय करणार होते? वन्संना मात्र काही चिंता दिसत नव्हती. भाजलेल्या हाताला पट्ट्या गुंडाळून त्या दुसऱ्या हातानं इंजिन सोडवायला लागल्या होत्या. बाळ्यातर्फे त्यांनी मला कळवलं की माझं सामान भरायला हव्या असतील तर पुठ्ठ्याच्या पेट्या माडीवर आहेत. पण बाळ्यानं सांगितलं ते असं होतं: ताई म्हणते, काही मदत लागली तर सांग. पेट्यांचं मला फार नंतर कळलं.

इंजिन पुन्हा वन्संच्या बाजूला, घोडीवर. गाडीचं रिकामं खोकं माझ्या बाजूला. मी जळालेलं वायरिंग सगळं उतरवून बाकावर लांब पसरलं आणि एकेक वायर ब्लेडनं चिरत गेले. पहिल्याच वायरीला माझ्या जिवात जीव आला. शॉर्ट होऊन वायर तापते तेव्हा आतून तापते. तांब्याला चिकटलेलं रबर आधी वितळतं, वरचं कापड नंतर जळतं. इथं उलटं होतं. वरचं कापड जळून राख झालेलं आणि आत तांब्यालगतचं रबर मऊ, जिवंत. फ्यूज शाबूत. म्हणजे माझ्या वायरींनी आग लावली नव्हती, आग त्यांच्यावर बाहेरून आली होती.

मग कुठून? मला माझी बोटं आठवली. चोकचा दांडा तापला होता. चोक म्हणजे नुसती ओढायची केबल, सायकलच्या ब्रेकसारखी. डॅशबोर्डपासून निघून कार्ब्युरेटरपर्यंत जाते. तिच्यात विजेचा संबंध नाही. मी ती काढली. बाहेरची नळी निळी पडली होती आणि आतली तार तिला वितळून चिकटली होती. ओढून हलेना. एवढी उष्णता ज्योतीनं येत नाही. तिच्यातून करंट गेला होता, आणि थोडाथोडका नाही, सेल्फचा सगळाच्या सगळा.

करंट बॅटरीतून निघतो, सेल्फ फिरवतो आणि इंजिनाच्या लोखंडातून परत बॅटरीकडे जातो. बॅटरीचं दुसरं टोक गाडीच्या बॉडीला. पण इंजिन बसलेलं असतं रबरांवर, रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये विणलेल्या तांब्याची एक रुंद पट्टी लावतात. अर्थिंगची पट्टी. ती नसेल तर करंटला परतीची वाट नाही, आणि तो मिळेल ती वाट धरतो. या गाडीत त्याला मिळाली होती चोकची बारीक केबल. ती पेट्रोलच्या तोंडाशी लाल झाली, आणि पुढचं सगळ्यांनी पाहिलं.

मी गाडीखाली आडवी झाले. बॉडीवर जिथं पट्टीचं टोक यायला हवं तिथला बोल्ट स्वच्छ होता, बाळ्यानं त्यावर मारलेल्या काळ्या रंगासकट. त्या बोल्टाखाली काही बसलंच नव्हतं. मी बाहेर आले. पट्टी इंजिनाबरोबर उतरते आणि इंजिनाबरोबर चढते. इंजिन कुणी चढवलं? मला नाचावंसं वाटत होतं. चूक वन्संची होती. शेड माझी होती.

तरी पट्टी हातात हवी. बाबा अंदाजावर विश्वास ठेवणारे नव्हते. मी बाळ्याला म्हटलं, तुझ्या ताईला विचार, अर्थिंगची पट्टी काढून कुठे टाकली. तो जरा थांबला. मग गेला. रंगाचा कॉम्प्रेसर नेहमीसारखा चालू होता, त्यामुळे तिकडचं काही ऐकू येत नव्हतं, नुसतं दिसत होतं. बाळ्यानं काहीतरी विचारलं. वन्संनी पाना खाली ठेवला. त्या बोलायला लागल्या. बोलतच राहिल्या. आधी माझ्याकडे हात केला, मग बाळ्याच्या छातीवर बोट टोचलं, मग भाजलेला हात त्याच्या नाकासमोर नाचवला. चांगलं लांबलचक तोंड चाललं होतं. बाळ्या मान हलवत परत आला.

“ताई म्हणते, तिला माहीत नाही.”

एवढ्या मोठ्या भाषणाचे तीन शब्द. मी त्याच्याकडे बघत राहिले. तो फडक्यानं आधीच कोरडे असलेले हात पुसत होता. एवढी वर्षं हेच माझ्यासमोर होत आलं होतं आणि मी कधी मोजून पाहिलं नव्हतं, की तिकडे किती बोललं जातं आणि इकडे किती पोचतं.

मी फरशीतला सांधा ओलांडला. वन्संनी मला येताना पाहिलं आणि पाना परत हातात घेतला.

“पट्टी कुठे आहे?” मी विचारलं.

त्यांनी आधी मागे बघितलं, मी दुसऱ्या कुणाशी बोलतेय की काय म्हणून. मग म्हणाल्या, “तुझ्या नवऱ्याला विचार. त्याच्या हातात दिली होती, तुला द्यायला. घासून, चकचकीत करून दिली होती. विजेचं काम तुझं, तू लाव म्हणून. आणि सांगितलं होतं, ही लावल्याशिवाय त्या बाईनं सेल्फला हात लावला तर हात मुळापासून उपटीन.”

“मला सांगितलं, जपून कर.”

“मी जन्मात कुणाला जपून कर म्हटलेलं नाही.”

हे खरं होतं. आम्ही दोघी वळलो. बाळ्यानं कॉम्प्रेसर बंद केला आणि शेडमध्ये एकदम शांत झालं. मग तो रंगाच्या डब्यांच्या फळीकडे गेला, मागे हात घातला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली पट्टी काढली. ती अजून चकचकीत होती.

तो म्हणाला, त्या दिवशी पक्कडीवरून मी आधीच तापले होते. त्यात हात उपटायचा निरोप दिला असता तर मी काम टाकून गेले असते. तो म्हणाला, चहा झाला, तुझं डोकं शांत झालं की गोडीगुलाबीनं पट्टी देणार होतो. तोवर तू जाऊन बसलीस. मी विचारलं, मग आग लागल्यावर का नाही बोललास? बाबांनी अट घातली होती आणि तो घाबरला होता, एवढंच. मी शेडमधून जाणार हे त्याला दिसत होतं, तरी घाबरला होता. हे मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

“तुम्हाला काय वाटतं?” तो एकदम म्हणाला. तो आमच्यासमोर कधी आवाज चढवत नसे. “तुम्ही दोघी जे बोलता ते जसंच्या तसं पोचवलं असतं, तर ही शेड आग लागायच्या कितीतरी आधी जळून गेली असती.”

माझ्या मनात तेव्हा भलतंच आलं. पट्टी नाही, आग नाही, दुसरंच. मी विचारू नये असं मला वाटत होतं आणि मी विचारलं.

“आणि ते ट्रकच्या वेळचं? माझ्या जोडांबद्दल?”

बाळ्यानं खाली बघितलं. वन्संनी आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं पाहिलं.

“कसले जोड? मी काही बोलले नव्हते,” त्या म्हणाल्या. आणि मग त्यांचा चेहरा बदलला, हळूहळू, कुणी आतून दिवा काढून घेतल्यासारखा. “बाळ्या, मी आजारी होते तेव्हा ही रोज विचारायची म्हणालास. वन्संना आज बरं आहे का, म्हणून.”

मी विचारलं नव्हतं. एकदाही नाही. वन्सं महिनाभर अंथरुणाला होत्या आणि मी त्या महिनाभर मोकळा श्वास घेतला होता. मी तसं तोंडानं बोलले नाही, पण त्यांना कळलं. आम्ही एकमेकींसमोर उभ्या होतो आणि दोघींच्या हातातून जपलेली एकेक वस्तू गेली होती. मला रडू येत होतं आणि त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं, म्हणून मी ओठ चावत उभी राहिले.

बाबा खुर्चीतून उठून आले होते. ऐकू काहीच आलं नसेल, पण कॉम्प्रेसर बंद आणि आम्ही दोघी समोरासमोर, एवढं दिसलं असणार. त्यांनी पट्टीकडे बोट दाखवलं आणि भुवया उंचावल्या. कुणाची?

मी तोंड उघडायच्या आत वन्सं पुढे झाल्या. त्यांनी बाळ्याच्या हातातून पट्टी हिसकली, स्वतःच्या छातीवर हात आपटला आणि बाबांच्या कानात ओरडल्या.

“माझी चूक! मी लावायला विसरले!”

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मान हलवली, संथपणे. त्यांना ते पटलं होतं. का पटू नये? इंजिन त्यांनीच चढवलं होतं.

मी गप्प राहायचं, बस. वन्सं शेडमधून गेल्या असत्या. नळाकडची बाजू, खिडकीकडची बाजू, सगळी माझी. ज्याची मी वर्षानुवर्षं मनातल्या मनात स्वप्नं पाहिली ते माझ्या पुढ्यात येऊन पडलं होतं आणि मला बोटही उचलायचं नव्हतं. नवराही वाचत होता. मी वन्संच्या चेहऱ्याकडे पाहिलं. हात भाजलेला, हनुवटी वर, धाकट्या भावासाठी शेड सोडायला निघालेली थोरली बहीण. आयुष्यभर त्याच ऐटीत राहिल्या असत्या. सणसणीत उपकार माझ्या डोक्यावर ठेवून गेल्या असत्या, आणि मी रोज त्यांनी दिलेल्या शेडचं शटर उघडलं असतं. ते मला सहन होणार नव्हतं. खरं सांगते, मी न्यायानं वागले नाही. मला त्यांना मोठं होऊ द्यायचं नव्हतं.

मी ती पट्टी त्यांच्या हातातून घेतली, माझ्या नवऱ्याच्या छातीवर दाबली आणि बाबांकडे बघून नाही नाही अशी मान हलवली. मग त्यांच्या दुसऱ्या कानात ओरडले, “वन्सं खोटं बोलताहेत! यानं लपवली!” आणि रंगाच्या डब्यांमागची फळी दाखवली, ते वर्तमानपत्रही.

बाबांनी मुलाकडे पाहिलं. बाळ्यानं नाकारलं नाही. त्याला नाकारता येतच नाही, फक्त गुळगुळीत करता येतं.

“तुझं सामान उचल,” बाबा म्हणाले. या वेळी त्यांचा आवाज मोठा नव्हता. “रस्त्यापलीकडच्या आपल्या पडवीत बस. पत्रा ठोक, रंग मार. या शेडमध्ये यायचं नाही.”

बाळ्यानं हातोड्या गोळा केल्या, रंगाची बंदूक घेतली. कॉम्प्रेसर जड, तो त्याला एकट्याला उचलेना. आमच्यातलं कुणी हात लावला नाही. बाबांनी शेवटी दुसरं टोक धरलं. ते दोघं रस्ता ओलांडून गेले तशा वन्सं माझ्याकडे वळल्या.

“माझ्या भावाला बाहेर काढलंस.”

“तुम्हाला काढायला हवं होतं का?”

“हो,” त्या म्हणाल्या. “मी गेले असते. तुझ्यासारखी मी शेडला चिकटलेली नाही.”

एवढ्या वर्षांचं साचलेलं होतं, ते मग बराच वेळ चाललं. मधे बाळ्या नव्हता, त्यामुळे सगळं जसंच्या तसं पोचत होतं. त्या मला उपरी म्हणाल्या, मी त्यांना आडमुठी म्हटलं. कंडेन्सर निघाला, रॉकेलची परात निघाली, माझ्या माहेरच्यांचा उद्धार झाला. रस्त्यापलीकडून हातोडीचा आवाज येत होता, तो अधूनमधून थांबायचा.

पण गाडी तशीच होती. दंतवैद्य यायचा होता. आणि ते काम दोघींशिवाय होणारं नव्हतं. मी नवं वायरिंग ओढलं. त्यांनी कार्ब्युरेटर धुऊन बसवला, इंजिन पुन्हा जागेवर घेतलं. इंजिन उतरताना एकीनं साखळी सोडायची आणि दुसरीनं बघायचं. ‘थांब.’ ‘सोडा.’ ‘डावीकडे, अगं डावीकडे.’ एवढंच बोलायचो, आणि तेही एकमेकींना चावल्यासारखं. पट्टी लावायची वेळ आली तेव्हा कुणीच कुणाला काही म्हटलं नाही. एक टोक त्यांनी इंजिनावर आवळलं. दुसरं मी बॉडीवर, बोल्टाखालचा रंग घासून, उघडं चकचकीत लोखंड दिसेपर्यंत. मी मीटर लावून पाहिला. त्यांनी मीटरकडे पाहिलं नाही.

त्याऐवजी त्या माझं वायरिंग तपासायला लागल्या. भाजलेला हात अजून गुलाबी होता, कातडी ओढलेली. त्या हातानं त्यांनी माझा एकेक जोड धरला आणि हिसडा दिला. डायनामोचा, कॉइलचा, सेल्फचा, दिव्यांचा. जोरात, अगदी दात आवळून. एक तरी निघावा म्हणून ओढताहेत हे दिसत होतं. मी बाजूला उभी राहून बघत होते आणि माझ्या छातीत धडधडत होतं, लग्नात धडधडलं नव्हतं तेवढं. त्या शेवटच्या दिव्यापर्यंत गेल्या. एकही निघाला नाही. त्यांनी फडक्याला हात पुसला आणि पेट्रोलच्या कॉकवर बोटं ठेवून उभ्या राहिल्या, पुन्हा आग लागली तर पहिला तोच हात जाणार होता.

“मार सेल्फ,” त्या म्हणाल्या.

मी चोक ओढला. दांडा थंडच राहिला. इंजिन एकदा फिरलं, दुसऱ्यांदा धरलं आणि मग इतक्या एकसारख्या आवाजात चालायला लागलं की बाबा खुर्चीतून उठले. त्यांना ऐकू आलं नव्हतं, फरशीची थरथर पायांना लागली होती. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर इंजिनावर टेकवला, मूठ दातांत धरली, डोळे मिटले. मग अंगठा वर केला, आधी वन्संना, नंतर मला. वन्सं माझ्याकडे न बघता पाने पुसायला लागल्या.

शटर ओढताना त्या म्हणाल्या, “बाळ्याला सांग, खोटे निरोप आणलेस, आता माझ्या दारात यायचं नाही. मी मेले तरी नाही.”

मी रस्ता ओलांडला. बाळ्या पडवीत एका दरवाजाचा पत्रा ठोकत बसला होता. मी समोर उभी राहिले आणि निरोप दिला. शब्दन्‌शब्द, एकही न गाळता, मी मेले तरी नाही पर्यंत. मला वाटलं होतं, मला बरं वाटेल. त्यानं हातोडी खाली ठेवली. त्याच्या तोंडावर ते शब्द कसे पोचतात ते मला दिसलं, आणि आजवर हे दोन्हीकडून किती आलं असेल आणि त्यानं कुठे ठेवलं असेल असं मनात आलं.

“गाडी चालू झाली ना?” त्यानं विचारलं. “थरथर इथपर्यंत आली.”

“झाली.”

“ताईनं तुझे जोड ओढून पाहिले असतील.”

“सगळे.”

“निघाला एखादा?”

“नाही.”

तो थोडा पुढे सरकला. तीच जुनी हळू आवाजाची सवय. “मग मनात म्हणाली असेल ती. तू बघ. ताई अशी तोंडावर बोलत नाही, पण मनात नक्की म्हणाली असेल, की...”

“गप्प बस,” मी म्हटलं.

तो हातोडी उचलून पुन्हा पत्रा ठोकायला लागला. मी तिथंच उभी राहिले, आणि वन्सं मनात काय म्हणाल्या असतील ते त्याला विचारायचं नाही म्हणून ओठ घट्ट मिटून घेतले.